उंदराच्या डोळ्याची साक्ष

ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक शोधनिबंध आला. युरोपातल्या पाच देशांत मिळून ३८ रुग्णांच्या डोळ्यांत, पडद्याच्या मागे, दोन मिलिमीटर लांब आणि तेवढीच रुंद अशी एक चिप बसवली होती. तिची जाडी अवघी ३० मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षाही कमी. वय झाल्यावर पडद्याचा मधला भाग झिजून या रुग्णांची समोरची नजर गेली होती. वर्षभरानंतर ज्या ३२ जणांची तपासणी होऊ शकली, त्यांतल्या २६ जणांना तक्त्यावरची अक्षरं आधीपेक्षा बरीच जास्त वाचता आली. चिपचं नाव प्रिमा. ही खरोखर मोठी गोष्ट आहे. मेलेल्या पेशींच्या जागी सिलिकॉन बसवून माणसाला पुन्हा अक्षर ओळखता येणं, याची वाट नेत्रतज्ज्ञ कित्येक वर्षं पाहत होते.

मला लिहायचं आहे ते या ३८ डोळ्यांच्या आधीच्या डोळ्यांविषयी. ते उंदरांचे होते, माकडांचे होते. याच क्षेत्रातल्या दुसऱ्या उपकरणांसाठी कुत्र्यांचे, मांजरांचे, सशांचे, डुकरांचेही होते. पडदा झिजून आंधळ्या झालेल्या प्राण्यांवर अशा चाचण्या करणं आज टाळता येत नाही, असं माझं मत आहे. पण टाळता येत नाही म्हणूनच त्या प्राण्यांना काय विचारायचं, मिळालेलं उत्तर कुठवर ताणायचं आणि उत्तर घेतल्यावर आपल्यावर कोणतं बंधन येतं, याबाबत आपण आजच्यापेक्षा कितीतरी कडक व्हायला हवं.

आधी डोळ्यात काय बिघडतं ते पाहू. पडद्याच्या सगळ्यात मागच्या थरात प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशी आणि शंकुपेशी असतात. त्यांच्या पुढे द्विध्रुवी पेशी, आणि त्याहून पुढे गँग्लियन पेशी. या गँग्लियन पेशींचे दहा-बारा लाख धागे एकत्र येऊन मेंदूकडे जाणारी नस बनते. रेटिनायटिस पिगमेंटोसा किंवा मॅक्युलर डिजनरेशन या आजारांत मरतात त्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी. पुढचे थर बऱ्याच अंशी शाबूत राहतात. मग त्या थरांना विजेने चाळवलं तर? फ्रान्समध्ये शार्ल लरॉय याने १७५५ सालीच एका आंधळ्या तरुणाच्या डोक्याभोवती तारा गुंडाळून विजेचा झटका दिला होता, आणि त्या तरुणाला ज्वाळा दिसल्याचं नोंदवलं होतं. विजेने उजेडाचा भास होतो हे तेव्हापासून ठाऊक आहे. प्रश्न राहिला तो त्या उजेडातून आकार कसा घडवायचा, याचा.

प्रिमाची कल्पना स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डॅनियल पलँकर यांच्या गटाची. चष्म्यावरचा कॅमेरा समोरचं दृश्य टिपतो आणि चष्म्यातूनच ते दृश्य डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात चिपवर टाकलं जातं. चिपवरचा प्रत्येक ठिपका म्हणजे एक छोटा सौर घट. त्याच प्रकाशातून त्याला चित्रही मिळतं आणि वीजही. डोळ्यातून बाहेर एकही तार येत नाही. ही कल्पना चालते की नाही हे पाहायला एक आंधळा डोळा हवा होता, आणि तो सापडला आरसीएस जातीच्या उंदरात.

या उंदराचं पहिलं वर्णन १९३८ सालचं आहे. निरोगी डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी आपली टोकं रोज थोडी थोडी टाकून देतात, आणि पडद्यामागचा रंगद्रव्याचा थर ती गिळून साफ करतो. आरसीएस उंदराच्या या थराला गिळताच येत नाही. कचरा साठत जातो, आणि उंदीर तीनेक महिन्यांचा होईपर्यंत त्याच्या बहुतेक प्रकाशपेशी मरून जातात. यामागे एमईआरटीके नावाच्या जनुकातला दोष आहे, हे २००० साली कळलं. त्याच सुमारास काही माणसांतला रेटिनायटिस पिगमेंटोसाही याच जनुकामुळे होतो, हे सिद्ध झालं. म्हणजे या उंदराचा आजार काही माणसांच्या आजाराचा सख्खा भाऊच आहे.

२०१५ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये आलेल्या प्रयोगात या उंदरांच्या पडद्यामागे एक मिलिमीटर व्यासाची चिप सरकवली होती. तिच्यावरचा प्रत्येक ठिपका ७० मायक्रॉनचा. उंदराच्या कवटीत, दृष्टीचं काम करणाऱ्या मेंदूच्या भागावर, स्क्रूसारखे इलेक्ट्रोड बसवले. मग उंदराला भूल देऊन त्याच्या डोळ्यात अवरक्त प्रकाशाचे काळे-पांढरे पट्टे टाकले आणि काळ्याच्या जागी पांढरा, पांढऱ्याच्या जागी काळा असे ते अदलाबदल करत राहिले. पट्टे रुंद असताना प्रत्येक बदलाला मेंदूतून विजेची लहर उमटते. पट्टे अरुंद होत गेले की लहर लहान होत जाते, आणि एका रुंदीनंतर ती गोंगाटात बुडून जाते. निरोगी उंदराच्या पडद्यावर ही सीमा २७ मायक्रॉनच्या आसपास आली. चिप बसवलेल्या आंधळ्या उंदरात ती ६४ मायक्रॉनच्या आसपास आली, म्हणजे जवळजवळ चिपच्या एका ठिपक्याएवढी.

हा आकडा मला फार मोलाचा वाटतो. त्याचा अर्थ असा की, आंधळ्या डोळ्याची बारकाई ठरवत होती ती चिपच्या ठिपक्याची रुंदी. मागे उरलेल्या पेशींनी त्यात फारसं उणं केलं नाही. यावरून माणसाविषयी नेमकं भाकीत करता येत होतं. माणसासाठी बनवलेल्या चिपचा ठिपका १०० मायक्रॉनचा होता, तेव्हा आपल्याकडच्या तक्त्याच्या भाषेत सांगायचं तर नजर ६/१२६च्या पलीकडे जाणार नव्हती. २०२० साली पहिल्या काही रुग्णांचे निष्कर्ष आले. ज्यांची चिप नीट मधोमध बसली होती, त्यांची नजर साधारण ६/१३८ ते ६/१६५ भरली. उंदराची साक्ष खरी ठरली. पुढच्या रुग्णांना याहून बारीक अक्षरं वाचता आली, त्याचं श्रेय चष्म्यातल्या कॅमेऱ्याने चित्र कितीतरी पट मोठं करून दाखवण्याला आहे.

विशेष म्हणजे उंदराचा आजार एक होता आणि रुग्णांचा दुसरा. उंदरात जन्मजात जनुकदोष, माणसांत वयानुसार होणारी झीज. शिवाय उंदराच्या डोळ्यात मॅक्युला, म्हणजे पडद्याचा तो मधला भाग, नसतोच. तरी भाकीत बरोबर आलं, कारण प्रश्न मोजका होता. पुढचे थर जिवंत असताना या चिपचा संदेश किती बारकाईने मेंदूपर्यंत पोहोचतो, एवढंच विचारलं होतं. या प्रश्नाचं उत्तर उंदीर देऊ शकतो.

आता उंदीर काय सांगू शकत नाही ते पाहा. वाचताना एकेक अक्षर जुळवायला किती वेळ लागतो, नातवाचा चेहरा ओळखता येतो का, दिवसभर तो चष्मा लावून डोकं दुखतं का, या नजरेचा घरात उपयोग होतो की ती फक्त दवाखान्यातल्या तक्त्यापुरती राहते, यातलं काहीही उंदीर सांगू शकत नाही. दहा वर्षांनी काय होईल हेही त्याला विचारून उपयोग नाही, कारण त्याचं आयुष्यच दोन-तीन वर्षांचं. आणि हा प्रश्न क्षुल्लक नाही. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात रॉबर्ट मार्क आणि ब्रायन जोन्स यांच्या गटाने २००३ साली दाखवलं की, प्रकाशपेशी गेल्यावर उरलेला पडदा स्वस्थ बसत नाही. त्यातल्या पेशी नवे फाटे फोडतात, चुकीच्या जागी जोडल्या जातात, काही स्थलांतर करतात. पंचवीस वर्षं आंधळा असलेल्या माणसाचा पडदा आणि सहा महिन्यांच्या उंदराचा पडदा यांत हे अंतर आहेच.

प्राण्याने प्रकाशाला दिलेला प्रतिसाद म्हणजे त्याला दिसलं, असं समजणंही धोक्याचं आहे. पडद्यातल्या काही गँग्लियन पेशी स्वतःच प्रकाश ओळखतात, हे २००२ साली सिद्ध झालं. बाहुली लहान-मोठी करणं, दिवसरात्रीचं चक्र सांभाळणं ही त्यांची कामं. त्यामुळे दंडपेशी आणि शंकुपेशी सगळ्या गेल्या तरी उंदीर उजेड टाळून अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊ शकतो. अर्धी अंधारी, अर्धी उजळ अशी पेटी ठेवून कुणी ‘उपकरण चालतं’ असं जाहीर करत असेल, तर तो दावा हा दुसरा रस्ता बंद केल्याशिवाय मानू नये. प्रिमाच्या प्रयोगात अवरक्त प्रकाश वापरल्याने हा रस्ता बराचसा बंद झाला होता. अशा सावधगिरीवरूनच चांगला प्रयोग ओळखायचा.

प्राण्याची साक्ष माणसाच्या साक्षीला छेद देते, तेव्हा तिची खरी किंमत कळते. २००० साली अमेरिकेत ॲलन आणि व्हिन्सेंट चाऊ या भावांच्या ऑप्टोबायोनिक्स कंपनीने सुमारे पाच हजार सूक्ष्म प्रकाशघटांची एक चिप रुग्णांच्या पडद्यामागे बसवली. पहिल्या सहाही रुग्णांनी सुधारणा झाल्याचं सांगितलं. रुग्ण खोटं बोलत नव्हते. पण सुधारणा चिपपासून दूरच्या भागातही जाणवत होती, हे कोडं होतं. मशेल पार्डू आणि सहकाऱ्यांनी आरसीएस उंदरांत हेच तपासलं. चालू चिप, बंद चिप, नुसती शस्त्रक्रिया अशी तुलना केल्यावर दिसलं की, वीज न देणारी चिपसुद्धा आसपासच्या प्रकाशपेशींना काही काळ तगवते. म्हणजे सुधारणेचा बराच भाग परक्या वस्तूच्या शिरकावाने चेतवलेल्या पोषक रसायनांचा असावा आणि तो टिकाऊ नसावा. ही तुलना माणसांत करणं अवघड होतं. बंद चिप बसवण्यासाठी कुणाचा डोळा उघडणार? उंदरांमुळे एका खोट्या आशेला आळा बसला. प्राण्यांवरचे सगळे प्रयोग निरर्थक आहेत असं म्हणणाऱ्यांनी या प्रकरणाचा विचार करावा.

आर्गस-२ची कहाणी उलटी आहे. सेकंड साइट या अमेरिकन कंपनीचं हे उपकरण ६० इलेक्ट्रोडचं, पडद्याच्या पुढच्या पृष्ठभागावर टायटॅनियमच्या टाचणीने रोवलेलं. या धाटणीचं उपकरण आधी निरोगी कुत्र्यांवर आणि नंतर आरसीडी-१ या जन्मजात पडदा-विकाराच्या कुत्र्यांवर तपासलं गेलं. पडदा सुटतो का, सूज येते का, सतत वीज दिल्याने ऊती जळतात का, या प्रश्नांची उत्तरं कुत्र्यांनी दिली आणि ती उपयोगी ठरली. पण रुग्णांना स्वच्छ ठिपके दिसतील ही जी अपेक्षा होती, ती फोल ठरली. पुढच्या पृष्ठभागावरून गँग्लियन पेशींचे धागे नसेकडे जातात; वीज त्यांनाही चेतवते, आणि ठिपक्याऐवजी लांबट रेघा, पाचरीसारखे आकार दिसतात. रुग्णांनी जे दिसलं ते कागदावर काढून दाखवलं, तेव्हा हे नीट उलगडलं. कुत्रा चित्र काढत नाही. या उपकरणाने मिळालेली सर्वांत चांगली नजर साधारण ६/३७८ एवढीच होती. जिवंत ऊतीवर चाललेल्या विजेच्या सुरक्षिततेची साक्ष ‘दिसतं’ या शब्दापर्यंत ताणली, तर ती तुटणारच.

मग माकडं कशाला, असं कुणी विचारेल. भारतातला १९६० सालचा प्राण्यांचा छळ प्रतिबंधक कायदा सांगतो की, गिनीपिग, ससा, बेडूक, उंदीर यांसारख्या छोट्या प्राण्यांवरून तोच निष्कर्ष मिळत असेल, तर मोठ्या प्राण्यांवर प्रयोग करू नयेत. युरोपातही तत्त्व तेच. यात ‘तोच निष्कर्ष’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. मॅक्युला माणसात आहे आणि माकडात आहे, उंदरात नाही. म्हणून प्रिमासाठी मकाक माकडांवर प्रयोग झाले आणि २०२० साली प्रसिद्ध झाले. माणसासारखा मॅक्युलर डिजनरेशन झालेली माकडं उपलब्ध नसतात. तेव्हा निरोगी माकडाच्या पडद्यामागे चिप सरकवली. तिच्यामुळे वरच्या प्रकाशपेशींचं पोषण तुटलं आणि तेवढाच भाग आंधळा झाला. ठिपका दिसला की त्याच्याकडे डोळा फिरवायला माकडं शिकली होती, आणि त्या आंधळ्या भागात अवरक्त ठिपका टाकल्यावर त्यांनी डोळा फिरवला. हा प्रयोग वाचून अस्वस्थ वाटतं, आणि वाटायलाच हवं. तरी ‘मॅक्युलाच्या जागी हे चालेल का’ याचं उत्तर दुसरीकडे कुठेही मिळत नव्हतं, म्हणून मी त्याला हो म्हणतो. उंदरात एकदा सिद्ध झालेली गोष्ट निव्वळ नियामकांची फाइल जाड करण्यासाठी माकडांत पुन्हा केली, तर त्याला मी नाही म्हणेन.

उंदराबाबतही हातचं राखून लिहू नये. त्याच्या डोळ्यात चीर पाडली जाते, कवटीला भोकं पाडली जातात, आणि शेवटी पडद्याचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी त्याला मारलं जातं. भूल चांगली दिली, वेदनाशामकं दिली, तरी एवढं होतंच. प्राणी कमी वापरा, छळ कमी करा, पर्याय शोधा हे रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली मांडलेलं तत्त्व आज प्रत्येक प्रयोगशाळेच्या भिंतीवर असतं. ते अमलात आणण्याचा चांगला नमुना आपल्याकडेच घडला आहे. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत संशोधन केंद्रात के. एस. नारायण यांच्या गटाने वीज बनवणारं प्लास्टिक कोंबडीच्या गर्भातल्या, अजून प्रकाश न ओळखणाऱ्या पडद्याला चिकटवून पाहिलं. त्या पडद्याने प्रकाशाला प्रतिसाद दिला. २०१४ साली हे प्रसिद्ध झालं. प्लास्टिक मुळात पेशींना चेतवतं का, या पहिल्या प्रश्नासाठी एकाही प्राण्याच्या डोळ्यावर शस्त्रक्रिया करावी लागली नाही.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. जगात साधारण चार हजारांत एकाला रेटिनायटिस पिगमेंटोसा होतो. नागपूर जिल्ह्यातल्या खेड्यांत तीस वर्षांवरच्या लोकांची तपासणी झाली, त्यात हे प्रमाण साडेसातशेत एक एवढं आढळलं. म्हणजे विदर्भातल्या एखाद्या मोठ्या गावात अशी दोन-चार माणसं सहज असतील. तरुणपणी रातआंधळेपणाने सुरुवात होते, मग बाजूचं दिसेनासं होतं, आणि चाळिशी-पन्नाशीत डॉक्टर सांगतात की पडद्याच्या आजारावर औषध नाही. अशा घरात ‘बायोनिक डोळा’ ही बातमी पोहोचली की काय होतं, हे सांगायला नको.

म्हणूनच मला सगळ्यात जास्त राग येतो तो प्रयोगांनंतरच्या हलगर्जीपणाचा. आर्गस-२ला अमेरिकेत २०१३ साली परवानगी मिळाली. किंमत सुमारे दीड लाख डॉलर. जगभरात साडेतीनशेच्या आसपास लोकांनी ते बसवून घेतलं. २०१९ साली कंपनीने उत्पादन थांबवलं, २०२० साली बहुतेक कर्मचारी कमी केले. न्यूयॉर्कच्या मेट्रो स्थानकात एका बाईचं उपकरण तीन वेळा वाजून कायमचं बंद पडलं. रुग्णांना सुटे भाग मिळेनात, दुरुस्ती मिळेना, डोळ्यात मात्र ते यंत्र तसंच. ‘आयईईई स्पेक्ट्रम’ने २०२२ साली हे उघड केलं. जर्मनीतल्या रॉयटलिंगेनच्या रेटिना इंप्लांट या कंपनीनेही २०१९ सालीच काम बंद केलं. प्रिमा बनवणारी पिक्सियम व्हिजन ही फ्रेंच कंपनी तर चाचणी चालू असतानाच २०२४ साली दिवाळखोरीत गेली. सायन्स कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीने ती चिप विकत घेतली, म्हणून त्या ३८ जणांची गत आर्गसच्या रुग्णांसारखी झाली नाही.

या बंद पडलेल्या कंपन्यांच्या कपाटांत किती प्राण्यांचे अप्रकाशित निष्कर्ष पडून असतील? माणसांवरच्या चाचण्यांची आगाऊ नोंद भारतात २००९पासून सक्तीची आहे. प्राण्यांवरच्या चाचण्यांना अशी सक्ती नाही. त्यांचा अहवाल कसा लिहावा यासाठी २०१० साली ‘अराइव्ह’ ही नियमावली आली. ती चांगली आहे, पण जो अहवाल छापलाच जात नाही त्याला ती काय करणार? अपयशी प्रयोग लपला की दुसरी कंपनी तोच प्रयोग पुन्हा करते, आणि तेवढेच प्राणी पुन्हा मरतात. प्राण्याच्या डोळ्यातून मिळालेली माहिती व्यापारी गुपित म्हणून पुरून टाकण्याचा हक्क कुणालाही असू नये, असं मी ठामपणे म्हणतो. ती माहिती मिळवण्यासाठी दिलेली किंमत कंपनीने दिलेली नसते.

आपल्याकडे प्रयोगांसाठीच्या प्राण्यांवर देखरेख ठेवणारी केंद्र सरकारची समिती आहे, प्रत्येक संस्थेत प्राणी-नीती समिती आहे, आणि वैद्यकीय उपकरणांसाठी २०१७ सालचे नियम आहेत. यांच्या हातात पुरेसा अधिकार आहे. रोपणाच्या उपकरणासाठी प्राण्यांवर प्रयोग करायची परवानगी देताना तीन अटी घालता येतील: प्रयोगाची आधी जाहीर नोंद, निकाल काहीही आला तरी तो प्रसिद्ध करणं, आणि माणसांत उपकरण गेल्यावर कंपनी बुडाली तरी किमान दहा वर्षं दुरुस्ती चालू राहील एवढी रक्कम वेगळी ठेवणं. शेवटची अट कंपन्यांना जड वाटेल. वाटू दे. ज्यांना ती झेपत नाही त्यांनी कुणाच्याही डोळ्यात, उंदराच्या असो की माणसाच्या, चिप बसवू नये.

आणि ज्यांच्या घरात पडद्याचा आजार आहे त्यांना माझं सांगणं: बातमी वाचून जमीन विकायला किंवा कर्ज काढायला निघण्याआधी आपल्या पडद्याच्या डॉक्टरांना सरळ विचारा. हा निष्कर्ष प्राण्यातला की माणसातला? माणसातला असेल, तर कोणत्या आजाराच्या माणसातला? यंत्र बंद पडलं तर दुरुस्ती कोण करणार? प्रिमाच्या त्या चाचणीत रेटिनायटिस पिगमेंटोसाचा एकही रुग्ण नव्हता.